दहापैकी दोन

अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे, एकोणीस वर्षं झाली. मशीनवरून उतरलेला पार्ट हातात घ्यायचा, मापायचा, बरोबर असेल तर पुढे सोडायचा, नसेल तर लाल डब्यात. नव्या मुलींना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगते. बाई, पार्ट मापायच्या आधी माप तपास. व्हर्निअर बंद केल्यावर शून्यावर शून्य बसतंय का बघ, नाहीतर दिवसभर मापलेलं सगळं कचरा. हे मी इतक्यांदा बोलले आहे की पोरी माझ्यामागे माझी नक्कल करतात. करोत बापड्या. हे आधी सांगून टाकलं, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणात मोठी गाढव मीच आहे, आणि ते दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत मीच म्हटलेलं बरं.

माझे वडील, आमचे नाना, देवळाली कॅम्पला शाळेत गणित शिकवायचे. मूळ सटाण्याकडचे. आयुष्यभर पेपर तपासले, आणि दहापैकी दहा कुणालाही दिले नाहीत. सगळं बरोबर आलं तरी अक्षराचा अर्धा मार्क कापायचे. मी त्यांच्याच वर्गात होते, माझाही कापायचे. रिटायर झाल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. माझं लग्न मोडून बरीच वर्षं झाली आहेत, त्यामुळे घरात मी, नाना आणि त्यांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, एवढीच माणसं.

नानांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला. कंबरेत आणि डाव्या खुब्यात. बरं होण्याची गोष्ट संपली, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नानांनीही रडारड केली नाही. त्यांनी फक्त एक अट घातली. "दुखायला नको आणि डोकं चालायला हवं. दोन्ही एकदम जमत असेल तर बघा." एवढंच मागितलं होतं माणसाने.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, "आजोबा, दुखणं दहापैकी किती?"

नानांनी चष्मा वर सरकवला. उत्तरपत्रिका हातात आल्यावर करायचे तसा विचार केला आणि म्हणाले, "चार देतो."

डॉक्टरांनी चार टाइप केले. मला त्या 'देतो'चं हसू आलं. म्हटलं, मास्तरकी काही जात नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता, पण आम्ही हसलो आणि पुढे गेलो.

चार म्हणजे फार नाही, म्हणून साध्या गोळ्या मिळाल्या. त्यांनी काही होईना. नाना कूस बदलायला घाबरायचे, चादरसुद्धा खुब्यावर नको म्हणायचे. मी डॉक्टरांना सांगितलं की त्यांना झोप लागत नाही, तेव्हा मॉर्फिन सुरू झालं. आणि काय सांगू, तीन दिवसांत माणूस उठून बसला. खिडकीपाशी खुर्ची टाकून पेपरातलं सुडोकू सोडवलं, भाकरी मागून खाल्ली. पुढच्या भेटीला गेलो ते खुशीतच.

"किती आजोबा?"

"सहा," नाना म्हणाले. त्यांच्या तोंडून सहा म्हणजे पाठीवर थाप, हे मला फार उशिरा कळलं.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "चारचे सहा झाले? डोस वाढवू या." डोस दुप्पट झाला. मी मान डोलावली. मला वाटलं, हे आपल्यापासून दुखणं लपवतात, बरं झालं डॉक्टरांनी पकडलं. रिक्षात नानांनी मला विचारलंसुद्धा, "सहा दिले तर वाढवतात कशाला?" मी काय म्हणावं? "नाना, डॉक्टरांना कळतं. तुम्ही गप्प गोळ्या घ्या."

मग सुरू झालं. फोडणीचा वास आला की उलटी. बोलता बोलता वाक्याच्या मध्येच झोप. भिंतीपाशी मुलं बसली आहेत, त्यांना घरी सोडा, असं मला सांगायचे. आणि संडास बंद. एक दिवस, तीन दिवस, आठ दिवस. आत्याने एरंडेल दिलं, पपई दिली, कोमट पाण्याचे तांबेच्या तांबे पाजले. आत बसून नाना रडायचे आणि आम्ही दोघी बाहेर दाराला कान लावून उभ्या. ज्या माणसाने कधी शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवलं नाही, त्याला बहिणीसमोर हे सगळं करायची पाळी आली.

दवाखान्यात फोन केला. तिकडून उत्तर आलं, "या गोळ्यांनी होतंच."

या 'होतंच'वर माझा फार राग आहे. होतंच, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना? मग गोळी लिहिताना तिच्या शेजारी संडासची गोळी लिहायला पेनातली शाई संपली होती का? पार्ट बिघडणार हे माहीत असून मी तो पुढे सोडला आणि वर 'होतंच' म्हणाले, तर कंपनी मला दुसऱ्या दिवशी घरी बसवेल. इथे माणूस होता, म्हणून चाललं.

आणि मग एका आठवड्यात सगळं थांबलं. उलट्या गेल्या, संडास झाली, नाना शुद्धीत बोलायला लागले. मी आनंदात. फक्त आत्या तोंड पाडून असायची. मी सकाळी सातला बाहेर पडते ती पाचला घरी येते. दिवसभर घरात ती आणि नाना. ती मला म्हणायची, "तुना बापले गंज दुखस, पोरी." गंज म्हणजे तिच्या अहिराणीत पुष्कळ. "तू नसताना टॉवेल तोंडात धरतो तो," असं तिने मला सांगितलं.

मी नानांना विचारलं तर ते म्हणाले, "डॉक्टरांना सांगेन काय ते." गेलो.

"किती आजोबा?"

"दोन."

"वा," डॉक्टर म्हणाले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. सहावरून दोनवर उतरलेली रेघ होती. "बघा, डोस बरोबर बसला." येताना मी पेढे घेतले. हो, पेढे. आत्याच्या हातावर ठेवला तर तिने तो परत डब्यात टाकला आणि म्हणाली, "गंज दुखस त्याले." माझी सटकली. मी म्हटलं, "आत्या, तू डॉक्टर आहेस का? दोन आहेत, दोन. कॉम्प्युटरवर बघून आले मी." ऐंशीला टेकलेली बाई, उठून आत निघून गेली.

रविवारी कात्री शोधताना मला नानांचा खडूचा पत्र्याचा डबा हाती लागला. शाळेतून आणलेला, जुना. हलवला तर खडूचा आवाज नाही. उघडला तर आत मॉर्फिनच्या गोळ्या. सकाळची तेवढी माझ्यासमोर घ्यायचे, बाकीच्या सगळ्या या डब्यात.

तळपायाची आग मस्तकात गेली. डबा नानांच्या समोर आपटला आणि नाही नाही ते बोलले. म्हटलं, मी मरमर मरते, सुट्ट्या टाकते, साहेबांची बोलणी खाते, आणि तुम्ही गोळ्या लपवता? "आणि गोळ्या न घेता दुखणं दोनच असेल, तर मग तुम्हाला दुखतच नाही. नाटकं करता तुम्ही." बापाला म्हटलं हे मी. त्यांच्या तोंडावर.

नाना शांत होते. दुखत असताना आवाज चढवता येत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते म्हणाले, "त्या गोळ्यांनी डोकं जातं आणि संडास अडते. दुखणं परवडलं. पण मी लपवलं कुठे? दर वेळी खरं सांगितलं. दहापैकी दोन मिळालेल्या पोराला आपण काय म्हणतो?"

मी डब्याचं झाकण लावायला घेतलं.

"नापास," ते म्हणाले. "साडेतीनच्या खाली नापास. मी सांगतोय नापास, आणि तो शहाणा म्हणतो वा."

मी खाली फरशीवर बसले. चार, सहा, दोन. चार म्हणजे कसाबसा पास, कण्हत कुंथत चाललंय. सहा म्हणजे गोळी लागू पडली होती, मास्तर खूष होते, आणि तीच गोळी आम्ही दुप्पट करून त्यांचं डोकं घालवलं. दोन म्हणजे जीव जातोय, आणि त्यावर मी पेढे वाटले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात, तसलाही प्रकार नाही हा. आम्ही मांडीवरची जखम आणखी कुरतडली होती.

"अहो, मग सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"मला नीट विचारलं कुणी? दहापैकी किती, एवढंच. कशाचे दहा? प्रश्नच अर्धवट होता." त्यांना त्या प्रश्नाचाच जास्त राग होता.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी सुट्टी टाकली आणि डबा घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांच्या टेबलावर उपडा केला. काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, शून्य म्हणजे दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, हे पेशंटला समजावून सांगतात. मी विचारलं, "कोण सांगतं? कधी सांगितलं?" त्यांनी भिंतीकडे हात केला. तिथे तक्ता होता खरा, हसऱ्या तोंडापासून रडक्या तोंडापर्यंत चित्रं असलेला. त्याच्यावर कुठल्याशा औषध कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं. हसरं तोंड तेवढं बाहेर दिसत होतं. मी कॅलेंडर काढलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून बघायला लागली, तर म्हटलं बघू दे.

त्यांनी कॉम्प्युटर बाजूला सरकवला, हे मान्य करते. पहिल्यांदाच विचारलं की नाना दिवसभर काय करू शकतात, किती वेळ बसतात, संडास कशी होते. मग मॉर्फिनचा डोस कमी केला आणि ठरावीक तासांनी विभागून दिला. संडासची गोळी रोज, मॉर्फिन चालू असेपर्यंत. उलटीची गोळी पहिले काही दिवस. आणि खुब्यावर एकदाच रेडिएशन, दुखणं उतरायला. "हे आधीच द्यायला हवं होतं," ते कागदाकडे बघत म्हणाले. मी म्हटलं, "हो, हवं होतं." माफी त्यांनी मागितली नाही. घरी मीही अजून मागितली नव्हती.

ती मागितली, पण फार उशिरा आणि वाईट पद्धतीने, नानांची नखं कापताना. ते म्हणाले, "नख नीट काप." आत्याने मात्र मला दोन दिवस चहा विचारला नाही, आणि ते मला योग्यच वाटलं.

त्यानंतर पाच आठवडे चांगले गेले. थोडी गुंगी असायची, थोडी मळमळ, पण नाना खुर्चीत बसायचे आणि सुडोकू पेनने सोडवायचे. डॉक्टरांच्या मोजणीला त्यांनी 'उलटी पट्टी' असं नाव ठेवलं होतं. मी रोज कामावर निघताना विचारायचे, "नाना, किती?" ते आकडा सांगायचे, की मी विचारणार, "कुठल्या पट्टीत?" मग ते सांगणार, "उलट्या पट्टीत तीन, माझ्या पट्टीत सात." कधी मला मुद्दाम घोळात पाडायचे. स्वतःच्या पट्टीत सातच्या वर मात्र कधी गेले नाहीत.

मग आजार वाढला आणि ते बहुतेक वेळ झोपूनच राहायला लागले. गोळ्यांमुळे नाही, डॉक्टरांनी या वेळी घरी येऊन, बघून सांगितलं. एका सकाळी कामावर न्यायचा डबा भरून झाल्यावर मी त्यांच्यापाशी गेले. आत्या शेजारी बसली होती. मी म्हटलं, "नाना, किती?"

"शून्य," ते म्हणाले.

मी वाकून विचारलं, "कुठल्या पट्टीत?"

त्यांना वेळ लागला. मी बस सोडली आणि थांबले. "उलट्या," ते म्हणाले. तेव्हा माझं लक्ष गेलं, आत्याचा हात त्यांच्या डाव्या खुब्यावर होता, चांगला दाबून ठेवलेला, आणि त्यांनी तो राहू दिला होता.

दुपारी ते गेले.

माणसं आली, बसली, आणि प्रत्येकाने तेच म्हटलं. सुटले बिचारे दुखण्यातून. चौथ्या की पाचव्या माणसाला मी उसळूनच बोलले. सुरुवातीचे अडीच महिने आम्ही त्यांचं काय केलं होतं ते मला माहीत होतं, ते महिने मला कुणी परत देणार नव्हतं, आणि हे लोक येऊन मरणाला श्रेय देत होते.

"दुखत नव्हतं त्यांना," मी म्हटलं. "सकाळीच विचारलं होतं मी. या वेळी नीट विचारलं होतं."