दूध नासलं गं
आज दूध उतू गेलं आणि त्या करपट वासासरशी थोरली बहीण आठवली. घरावर स्लॅब टाकायला काढलेलं कर्ज लवकर फिटावं म्हणून आम्ही आधी रविवारची मच्छी बंद केली, मग दूध. बहीण कशेळ्याहून आली की मी गवती चहा टाकून कोराच चहा पुढे करायचे आणि म्हणायचे, "दूध नासलं गं." तिसऱ्या खेपेला ती दुधाची पिशवी घेऊनच आली. तिनं ती ओट्यावर ठेवली, आणि माझं डोकंच फिरलं. "आमी काय भिकारी नाय," म्हणत मी पिशवी तिच्या हातात परत कोंबली. "अगं, मलाच कोरा जात नाय," एवढंच पुटपुटून ती चहा न घेता जीपच्या रस्त्याला लागली. मग आलीच नाही. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी मी पेढे घेऊन तिच्या घरी गेले. तिनं बसायला पाट दिला, कोरा चहा पुढे ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दूध नासलं गं." आतून उतू गेलेल्या दुधाचा वास येत होता. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. आज माझ्या ओट्यावर तोच वास आहे आणि पुसायला हात उचलत नाही.