आईचे धालो आणि तीन पेनड्राइव्ह

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी संगणक घेतला तो आईची गाणी टाइप करायला. पौषात आमच्या पार्से गावच्या मांडावर, म्हणजे देवाच्या मोकळ्या अंगणात, बायका रांगा धरून गात-नाचत धालो खेळतात, तिथे आईचा आवाज सगळ्यांच्या पुढे. ती गाणी कुठेच लिहिलेली नव्हती. दुपारी जेवणं आटोपली की आई तांदूळ निवडत ओळ म्हणायची आणि बाबा एका बोटाने अक्षरं शोधायचे.

"सावकाश म्हण गे!"

"सावकाश म्हटलां तर फुडचां आठवना."

फायलींची नावं 'नवीन', 'नवीन दोन', 'नवीन खरं' अशी. मी डिचोलीहून पंधरवड्याने माहेरी जायची आणि सांगायची, "बाबा, फोल्डर करा, एक प्रत दुसरीकडे ठेवा." ते म्हणायचे, "करतंय, करतंय."

एके दिवशी वीज दोनदा गेली आणि आली, ती संगणक बंद पाडूनच. बाबांनी मला कचेरीत फोन केला तेव्हा त्यांचा आवाज ऐकून मी घाबरून खुर्चीतून उठलेच. म्हापशाचा दुकानदार म्हणाला, काही फायली मिळतील, सगळ्या नाही. दोन दिवस बाबा धड जेवले नाहीत. शेवटी आईच चिडली.

"पेटी मेली म्हणून काय झालां? मी आसंय मां!"

संगणकात नवी डिस्क बसताच तिने पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली आणि बाबा टाइप करू लागले. महिन्याभराने दुकानातून जुन्या डिस्कवरच्या वाचलेल्या फायली आल्या. ताडून पाहिलं तर एकच गाणं दोन तऱ्हांचं. बाबांमधला मास्तर जागा झाला.

"ह्यातलां बरोबर खंयचां?"

"दोनूय. त्या दिसा तशां आयलां, आज अशां."

बाबांना एक पुसायचं होतं. मी पुसू दिलं नाही. त्या दुपारी त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक गाण्याचं फोल्डर केलं, आत दोन्ही पाठ ठेवले आणि तीन पेनड्राइव्ह भरले. एक त्यांच्या कपाटात, एक माझ्याकडे. तिसरा नार्व्याला बाबांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या आतेकडे ठेवायचं ठरलं. तो पोचवायला बाबा स्वतः बसने गेले.

आतेकडे संगणक नव्हता. तिने ती इवलीशी वस्तू तळहातावर उलटसुलट करून पाहिली.

"ह्यात काय आसा रे?"

"हिची धालोची गाणी. सगळी."

आते म्हणाली, "माकाय येतत. माका कोणी कधी विचारूक नाय."

बाबा सकाळी जाऊन दुपारच्या बसने परतणार होते, ते दिवेलागणीला आले. हातात तीन जुन्या लग्नपत्रिका, पाठकोऱ्या बाजू त्यांच्याच बारीक अक्षरांनी भरलेल्या. चहासुद्धा न घेता त्यांनी मला फोन लावला.

"बाय, नवीन फोल्डर कसो करतत ता परत एकदा सांग."