केळी ओट्यावरच

वहिनींचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात दुपारचं जेवण उरकून आडवा झालो होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. दिगंबर, माझा कॉलेजपासूनचा मित्र, आजारी होता. बातमी येणार हे ठाऊक होतं, तरी उठून चपला शोधायला मला फार वेळ लागला. आमच्या वयाची माणसं आता एकापाठोपाठ एक जातात आणि रडायलाही त्राण उरत नाही. थोडे दिवस आधीच फैजपूरला जाऊन त्याला भेटलो होतो. खाटेवर पडल्या पडल्या तो खिडकीतून आभाळ बघत होता. "यंदा काढणीच्या तोंडावर पाऊस लागला पाहिजे रे," म्हणाला. भुईमूग काढताना पाऊस मागणारा अख्ख्या खानदेशात हा एकटाच असेल.

त्याला कारण होतं. वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता दिगंबरने आयुष्य एका भुईमुगाच्या मागे घालवलं. आपला उपटी, उभा वाढणारा भुईमूग लवकर तयार होतो, पण त्याच्या बियाला झोप माहीत नाही. काढणीला पाऊस लागला की शेंगा मातीत असतानाच मोड येतात आणि हाताशी आलेलं पीक जातं. पसरी भुईमूग मात्र काढल्यावरही खुशाल झोपून राहतो. ही झोप आईबापांकडून वारशाने येते, म्हणून त्याने दोघांचा संकर केला आणि दरवर्षी त्यातलं झोपाळू बी निवडत राहिला. "बियात एक थोपटणारा असतो, एक हलवून उठवणारा," तो सांगायचा. थोपटणारं ते ॲब्सिसिक आम्ल, उठवणारे जिबरेलिन आणि इथिलीन. त्याला हवी होती दोन-तीन आठवड्यांची झोप, बस. मी सुट्टीत जायचो, आम्ही ओल्या फडक्यावर बी मांडायचो आणि मोड येत नाहीत म्हणून खूश व्हायचो. घरचे आम्हाला हसायचे, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं.

एका वर्षी सगळ्याच बियांना मोड आले. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली असं वाटून दिगंबरने फडकी गुंडाळायला घेतली. मग "टाकून देऊ सगळं" म्हणाला. वहिनींचं माहेर यावलकडचं, केळीच्या बागांतलं. तिथून आलेला घड त्याच खोलीत पिकायला टांगलेला होता, बियाच्या उघड्या टोपलीच्या वर. तो त्या घडाकडे बघत राहिला आणि मटकन खाली बसून हसायला लागला. ज्या इथिलीनने केळं पिकतं तेच भुईमुगाचं बी उठवतं, हे त्याने किती वर्गांना शिकवलं होतं... पण घरात केळ्याचा वास इतका अंगवळणी पडलेला की लक्षातच आलं नाही. त्या दिवसापासून घड दाराबाहेरच्या ओट्यावर टांगला जाऊ लागला. केळ्यांना दाराबाहेर ठेवणारा जावई म्हणून सासरचे त्याची चेष्टा करायचे.

पुढे फडक्यावर जमत गेलं, पण उभ्या पिकाला काढणीचा पाऊस लागल्याशिवाय खरं कळणार नव्हतं. तो गेला आणि पाऊस आला. चोपड्याकडचे शेतकरी आबा दिगंबरला मास्तर म्हणायचे; त्यांनी यंदा त्याचं बी पेरलं होतं, बांधाला लागून नेहमीचा भुईमूग. मी गेलो तेव्हा वावरात चिखल होता. आबांनी आधी नेहमीचं झाड उपटलं. शेंगांतून पांढरे मोड बाहेर आलेले. मग दिगंबरचं उपटलं, चिखल झटकला, शेंगा फोडत गेले. एकाही दाण्याला मोड नव्हता.

"बठ्ठं झोपेल शे, भाऊ," आबा म्हणाले. एक शेंग माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "मास्तरले हाई दखाडाले जोयजे व्हतं."

मला आनंद व्हायला हवा होता. नुसता थकवा आला. ज्याला हे दाखवायचं तोच नव्हता, म्हणून मी बराच वेळ बांधावर बसून राहिलो.

शेंगांची पिशवी घेऊन फैजपूरला गेलो. वहिनींनी ती हातात तोलून बघितली आणि त्याच्या खोलीत, रिकाम्या खाटेखाली ठेवली. भेटायला येणाऱ्यांनी आणलेली केळी ओट्यावर पडून होती. नात्यातल्या एक बाई त्यातली फणी उचलून आत निघाल्या, त्याच्या फोटोपुढे ठेवायला.

"केळी ओट्यावरच राहू द्या," वहिनी म्हणाल्या.

"अहो, नैवेद्याला..."

"त्यांना चालायचं नाही. आत बी झोपलंय."

बाईंनी फणी परत ओट्यावर ठेवली. वहिनींनी खोलीचं दार ओढून घेतलं, कडी वाजू न देता.