भिंतीवरचा उष्टा नान

वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याशी माझी ओळख भांडणातून झाली. डब्लिनच्या सँट्री भागातल्या आमच्या इमारतीची छतं अशी पातळ, की वरच्यानं खुर्ची सरकवली की खालच्याचं डोकं उठावं. २०२०चा उन्हाळा, सगळं बंद, मी घरूनच काम करत होते, आणि वर कुणीतरी दिवसभर खुर्ची सरकवत होतं. इथे, तिथे, परत इथे. एक दिवस माझं डोकं फिरलं आणि मी तरातरा जिना चढले.

दार सताड उघडं. आत पांढऱ्या दाढीचे एक आजोबा एका रिकाम्या खुर्चीकडे डोळे बारीक करून बघत उभे. मी तावातावानं काय बोलायचं ते बोलले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. त्यांची मुलगी ओशाळून म्हणाली, "बाबा म्हणतात, आवाज चांगला आहे, पण हात फार हलवतेस."

म्हटलं, हा माणूस नाटकातला असणार. निघालाही तसाच. कझाकस्तानातला दिग्दर्शक, आयुष्यभर नाटकं, अधूनमधून सिनेमे. मुलीला भेटायला म्हणून थोड्या दिवसांसाठी डब्लिनला आले आणि विमानं बंद झाली. बायको तिकडे अल्माटीत एकटी. मी पुण्यात कॉलेजच्या एकांकिकांना पडद्यामागे मरमर राबलेली. त्यामुळे भांडण तिथेच संपलं आणि मी दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत वर जायला लागले. कुणाच्या घरात शिरायची तेव्हा बंदी होती. मी जिन्याच्या पॅसेजमध्ये घडीची खुर्ची टाकून डबा उघडायची, ते उंबऱ्याच्या आत बसायचे. पॅसेजमधला दिवा माणसाच्या हालचालीवर चालणारा. जरा गप्प बसलं की विझायचा, मग मी चमचा हवेत हलवून तो परत लावायची.

थोडं मुलगी सांगायची, थोडं फोनमधलं भाषांतराचं अ‍ॅप, थोडं ते स्वतः, हिंदी सिनेमांतून उचललेल्या शब्दांत. बेटी, चलो, रुको, असले. लहान गावातल्या नाट्यगृहात नेपथ्य उचलण्यापासून त्यांची सुरुवात. मग मॉस्कोत शिक्षण, मग अल्माटी. एक सिनेमा वरच्या साहेबांना पटला नाही, तो वर्षानुवर्षं डब्यात पडून राहिला. पुढे सोव्हिएत देशच मोडला, पगार थांबले, नाट्यगृह गरम ठेवायला कोळसा मिळेना. प्रेक्षक ओव्हरकोट घालून बसायचे, नटांच्या तोंडातून वाफ निघायची, तरी प्रयोग व्हायचा. त्या सगळ्या नाटकांत त्यांची बायको.

"रिकामी जागा आधी दाखवायची," ते म्हणायचे. "माणूस नंतर. ती विंगेत उभी राहायची आणि मला घाम फोडायची. शेवटचा प्रेक्षक खोकायचा थांबला की मगच यायची."

बरोबर बाराला ते बायकोला फोन लावायचे आणि लॅपटॉप माझ्याकडेही वळवायचे. तिला बटणं जमत नसत, म्हणून तिकडच्या टॅबलेटवर फोन आपोआप उचलला जाईल अशी सोय मुलीनं करून दिली होती. पडद्यावर कायम तीच खोली दिसायची. दार, एक खुर्ची, भिंतीवर खिळ्याला जाळीच्या पिशवीत टांगलेला गोल नान. ही चौकट त्यांनी इथे बसून लावली होती. ते सांगणार, ती कुरकुरत टॅबलेट सरकवणार. आमच्या डोक्यावर जी खुर्ची सरकायची ती याच खोलीची तालीम होती.

त्या नानचा एक घास खाल्लेला होता. त्यांच्याकडे म्हणे लांब जाणाऱ्याला निघताना नान चावायला लावतात आणि उरलेला जपून ठेवतात. परत येऊन त्यानंच तो संपवायचा असतो. मी म्हटलं, "उष्टं? भिंतीवर टांगून?" आमच्या घरी उष्ट्या ताटाला चुकून हात लागला तरी आई हात धुवायला पिटाळायची. ते हसले नाहीत. दर शुक्रवारी ती तो नान काढून कॅमेऱ्यापुढे धरायची, आहे बघा, म्हणून. मगच ते जेवायचे. त्यांना बाकी कशाचीच पर्वा नव्हती. घरी जायचं आणि तिच्यासमोर तो नान संपवायचा.

मीही माझं काहीतरी घुसडलं. आमच्याकडे तिसरी घंटा झाल्याशिवाय पडदा उघडत नाही, असं मी सांगितलं, तर त्यांना ते फारच आवडलं. तेव्हापासून फोन लागला की मी चमच्यानं स्टीलच्या डब्यावर तीन ठोके द्यायची. तिसऱ्या ठोक्याला ती दारातून आत यायची, ओठ रंगवून, भरजरी रुमाल बांधून. सत्तरी उलटलेली बाई, पण चाल अशी की मी जेवायचं विसरायची.

पुढे हिवाळ्याच्या तोंडावरचा एक शुक्रवार. फोन लागला, खोली दिसली, मी ठोके दिले. ती आली नाही.

खोलीत दिवा जळत होता. दार लोटलेलं. खुर्ची जरा तिरकी. मी परत ठोके द्यायला गेले तर त्यांनी हात वर केला. "थांबवतेय ती मला," म्हणाले, आणि मनापासून खूश झाले. इतक्या वर्षांनी तिनं जुना डाव टाकला होता. आम्ही बघत राहिलो. आमचा पॅसेजमधला दिवा विझला, तरी मी चमचा हलवला नाही. काळोखात ती उजळलेली खोली तेवढी समोर, आणि तिच्यात कुणी नाही. कुठेतरी नळ ठिबकत होता. तो तिकडचा होता की इकडचा, मला अजून सांगता येणार नाही.

मी सॉफ्टवेअर तपासते. कालच्या आणि आजच्या पडद्यात काय बदललं ते शोधायचा पगार घेते, आणि घरीदारीही खुसपटं काढते असं नवरा म्हणतो. खुर्ची, दार, भिंत असं करत माझी नजर पिशवीवर गेली. नानचा दुसऱ्या बाजूनंही एक घास खाल्लेला होता.

मी बोट दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ गेले आणि बराच वेळ तिथेच वाकून राहिले. मग मुलीला हाक मारली.

मुलीनं तिथल्या शेजारणीला फोन लावला. आदल्या संध्याकाळी बाईंना दम लागला होता. अँब्युलन्स खाली उभी, माणसं स्ट्रेचर घेऊन दारात. निघताना तिला नान चावायला लावायला घरात कुणीच नव्हतं. म्हणून तिनं खिळ्यावरचा त्यांचा नान काढला, दुसऱ्या बाजूनं चावला आणि परत टांगला. शेजारीण बघतच राहिली, तर तिला म्हणाली, "दोघं मिळून संपवू."

ती हॉस्पिटलमधून परत आली नाही. माती द्यायचा व्हिडिओ नातेवाइकांनी पाठवला, तो त्यांनी उघडलाच नाही.

त्यानंतर शुक्रवारी सकाळी जिन्यात तेलाचा वास यायला लागला. मला आधी वाटलं, कुणीतरी पुऱ्या तळतंय. ते सात पातळ रोट्या तळायचे. गेलेल्यांना वास पोचतो, म्हणायचे. आपण कावळ्याची वाट बघतो, हे वास पाठवतात. मी मुकाट्यानं एक रोटी खायची. आणि मग बाराला ते फोन लावायचे.

अल्माटीतलं ते बंद घर फोन उचलायचं. दर वेळी. वीज चालू होती, टॅबलेट चार्जरला लावलेला होता, यात भुताटकी काही नाही हे मलाही कळत होतं. तरी एका रिंगमध्ये फोन उचलला गेला की मी खुर्ची जरा मागे घ्यायची. मुलगी चिडायची, "बाबा, पुरे झालं." ते म्हणायचे, ठोके दे. मी द्यायची. कडाक्याच्या हिवाळ्यात ते ठोके त्या खोलीत घुमलेले ऐकू यायचे, आणि आम्ही तिघं दाराकडे बघत बसायचो. मला भीती वाटायची ती दार उघडेल याची. त्यांना वाटायची ती टॅबलेट बंद पडेल याची.

२०२१च्या वसंतात त्यांना एकदाचं तिकीट मिळालं. निघताना त्यांनी मला पॅसेजमध्ये गाठलं. "शुक्रवारी बाराला तू फोन लाव. मी तिकडे त्या खोलीच्या दाराबाहेर असेन. प्रेक्षक नसेल तर तो प्रवेशच नव्हे." मुलीला का नाही सांगत, विचारलं. "ती रडेल. तू भांडायला आलेली बाई. तू नीट बघशील."

त्या शुक्रवारी माझ्या स्वयंपाकघरात मी एकटी. फोन लावला. घरानं उचलला. खुर्ची अजून तिरकी. मी डबा पुढ्यात ओढला. एक, दोन, तीन.

दार हललं नाही. ते मला थांबवत होते. तिच्याकडूनच शिकले असणार.

मग दार उघडलं. उंबऱ्यावर पाय न देता, तो ओलांडून ते आत आले, कोट न काढता खुर्चीवर बसले. खुर्ची त्यांनी सरळ केली नाही. नान काढला. लाकडासारखा वाळलेला. थर्मासमधला चहा वाटीत ओतून त्यात बुडवत, आपल्या बाजूनं, सावकाश खाल्ला. तिच्या घासापर्यंत आले आणि थांबले. तिच्या दातांच्या खुणेभोवती बोटभर कड ठेवली, ती पिशवीत घातली आणि परत खिळ्याला टांगली.

मला वाटलं, संपलं. मी फोन ठेवायला हात पुढे केला.

त्यांनी माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, बघितलं. "रुको, बेटी," म्हणाले, आणि उघड्या दाराकडे तोंड करून बसले. माझी एकची मीटिंग सुरू झाल्याची सूचना पडद्यावर आली. मी ती बंद केली आणि थांबले.