न फिरलेली सीडी

माझा जुना मित्र दिनकर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी धुळ्याला त्यालाच भेटायला जायच्या तयारीत होतो... जळगावहून नेहमीची बस पकडली, नेहमीसारखं तिकीट काढलं. भेट तेवढी राहून गेली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. घराच्या पुढच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. विद्यार्थी गेले की आम्ही दोघे तिशीतले बाप्ये गेम खेळत बसायचो. एकदा मोठ्या मिनतवारीने मी रेसिंगच्या गेमची सीडी मिळवली आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे पोचवली. पूजा झाल्यावरच ती कॉम्प्युटरवर चढवायची, असं ठरलं.

पूजा त्याच्या आईने केली. सगळे तिला अक्का म्हणत. चकचकीत बाजू म्हणजेच सीडीचं तोंड, असं समजून तिने तिथेच ओलं हळदकुंकू लावून अक्षता वाहिल्या. माझा चेहरा पाहून घाईने पदराने पुसायला गेली, तर तांदळाच्या दाण्यांनी चरे पडले. सीडी आत घातली, तर ड्राइव्ह नुसता गुरगुरत राहिला. ‘‘कळत नाही तर हात कशाला लावता?’’ मी ओरडलो. ती ताम्हण धरून तशीच उभी राहिली. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दिनकरने सीडी पुन्हा आत सारून कीबोर्डवर खुडबुड केली आणि गेम इन्स्टॉल होऊ लागला. सीडीची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, त्याने आदल्या दिवशीच हार्ड डिस्कवर करून ठेवली होती. ड्राइव्हमध्ये सीडी आहे, असं कॉम्प्युटरला भासवणारा प्रोग्रामही त्याच्याकडे होता. खरी सीडी फिरतच नव्हती.

‘‘अक्का, तुनी पूजा पावनी देख!’’ तो घरच्या अहिराणीत म्हणाला. अक्का हसली. मी मात्र तिची माफी मागितली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

परवा धुळ्याला जाऊन अक्काला सगळं खरं सांगितलं. ‘‘चुकलो मी, अक्का.’’

‘‘माले तवयच समजनं व्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘खेळ चालू व्हयना तरी ते यंत्र गुरगुरनंच नही. माले हसाडाकरता तो खोटं बोलना, मंग मी हसनू...’’

मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, ‘‘आते माले असं खोटं कोन सांगी?’’