आलापल्लीचं तिकीट, सिरोंच्याला जाग

समुद्रावरून परत आलेली माणसं विश्रांती घेतात. आम्ही चंद्रपूर डेपोच्या लाल डब्यात जाऊन बसलो, तेही मे महिन्यात. त्यामुळे हे वाचून कोणी लगेच बॅग भरायला घेऊ नये. पाऊस संपल्यावर जा.

आधी थोडं मागचं. माझा नवरा इरफान दापोलीकडचा, जहाजावर इंजिनिअर होता. त्याने नोकरी सोडल्यावर आम्ही एक जुनी शिडाची बोट घेतली आणि अख्खा हंगाम दोघंच कोचीहून मालदीव, श्रीलंका, अंदमान असं फिरून आलो. पावसाळ्याआधी बोट कोचीच्या यार्डात वर काढली आणि माझ्या माहेरी, चंद्रपूरला भावाकडे येऊन राहिलो. तिथे गोव्याच्या एका गृहस्थांचा फोन आला, बोट विकणार असाल तर आठवड्याभरात कळवा म्हणून. इरफानला विचारलं तर म्हणाला, "तू ठरव." मला विकायची नव्हती. मला पुढच्या हंगामात सेशेल्सपर्यंत जायचं होतं. पण "तू ठरव" म्हणजे काही होकार नव्हे, आणि मला त्याचा होकार हवा होता.

जमिनीवर आमचं वागणं जरा विचित्रच होतं. मी मगभर पाण्यात अंघोळ उरकायचे. भावजय म्हणाली, "इतके महिने पाण्यात राहून आली, अन् पाणी असं वापरून राह्यली जसा नळ येनारच नाई." झोपेचं तर विचारूच नका. बोटीवर दोघंच असलं की आळीपाळीने पहारा असतो. एक जण वर सुकाणूपाशी, दुसरा खाली झोपलेला. ती सवय घरीही सुटेना. तो आडवा झाला की मी उठून बसायचे, मी लवंडले की तो अंगणात. भावजयीला वाटलं आमचं बिनसलंय. "झगडा झाला का तुमचा?" असं तिने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं.

आलापल्लीची कल्पना माझी. तिथला साग नावाजलेला, आणि आमच्या बोटीचा डेक सागाचा. ते जंगल पाहून इरफानचं मन पुन्हा बोटीकडे वळेल असा माझा हिशेब होता. त्याला अर्थातच मी "जरा फिरून येऊ" एवढंच सांगितलं.

सकाळी स्टँडसमोर तर्री-पोहे खाल्ले. उन्हाळ्यात तर्री जरा बेतानेच घ्या. बल्लारपूर, गोंडपिपरी करत, वैनगंगेचा पूल ओलांडून बस आष्टीला थांबली, तिथे आलुबोंडा आणि चहा झाला. आष्टी सोडलं आणि रस्ता खराब झाला. खिडकीतून गरम वारा, बस डावी-उजवीकडे झुलतेय, इरफानचं डोकं माझ्या खांद्यावर. पहारा माझा होता. मी शेवटचं पाहिलं ते मोहाचं एक झाड.

जाग आली तेव्हा बस रिकामी होती आणि समोरच्या दुकानावर तेलुगू पाटी होती.

"आलापल्ली?" मी कंडक्टरला विचारलं.

"आलापल्ली कवाच गेली बाई. सिरोंचा हाय हे."

"मग उठवलं का नाही?"

"आवाज देला न मी, दोनदा. वाटलं, हे लोकं इकडेच येत असन." त्यांनी उरलेल्या अंतराचं तिकीट फाडलं. "एक जन तं जागी राहावं न दोघातलं."

इरफान हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मला काही तेवढं हसू येत नव्हतं, शंभरेक किलोमीटर पुढे आलो होतो आणि परतीची बस दुसऱ्या दिवशी दुपारी होती.

स्टँडजवळ लॉजमध्ये साधी, स्वच्छ खोली मिळाली. जेवणात भात, नदीचे तळलेले मासे आणि आंबाडीची चटणी. सिरोंच्यात दुसरं काही नाही केलं तरी ही चटणी खा. मालक आमच्याशी मराठीत आणि स्वयंपाकघराशी तेलुगूत बोलत होते.

सकाळी वेळ होता म्हणून गोदावरीवर गेलो. पलीकडे आंध्रातलं कालेश्वर. पूल नाही, नावेने जायचं. उन्हाळ्यात पात्र आटलेलं असतं, त्यामुळे आधी बरीच वाळू तुडवावी लागते. चपला बांधायच्या पट्ट्यांच्या असू द्या. टरबुजांच्या वाड्यांमधून आम्ही पाण्यापाशी पोहोचलो. नावेत देवदर्शनाला निघालेले चार-पाच जण होते.

इरफान समुद्रावर होता असं मी नावाड्याला सांगितलं. "मंग भाऊले देऊ का बांबू?" नाव ढकलायचा बांबू पुढे करत तो म्हणाला.

"नको," इरफान म्हणाला, "आज मी सवारी."

नावेच्या तळाशी पाणी झिरपत होतं. मी ते दाखवलं. "येऊ दे, ते बघतील," म्हणत त्याने पाय पसरले. सगळा हंगाम ज्याने एक दोर सैल सोडला नाही तो हा माणूस. मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "काल कंडक्टरने हाक मारली, ती मला ऐकूच आली नाही."

"मलाही नाही आली."

"तू झोपतेसच गं. मी नाही. बोटीवर तुझ्या पहाऱ्यात मी एकदाही झोपलेलो नाही. खाली पडून तुझ्या पावलांचा आवाज ऐकत राहायचो. थांबला की उठून बसायचो."

मला राग आला. कितीतरी रात्री मी डोळे ताणून जागले, ते ज्याला झोप मिळावी म्हणून, तो जागाच होता. माझ्यावर विश्वास नव्हता का, असं मी विचारलं.

"तसं नाही. तू वर एकटी असायचीस. पाय घसरला तर मला कळणारसुद्धा नाही, हेच डोक्यात." थोड्या वेळाने म्हणाला, "तुला इतकं आवडत होतं. कसं सांगणार?"

पलीकडे उतरलो. देवळात गर्दी नव्हती.

परतताना आलापल्लीला उतरलोच. मेमध्ये साग बोडका असतो, हे चंद्रपूरची असून मी विसरले होते. उंचच उंच नुसती खोडं, आणि खाली पापडासारखी वाजणारी पानं. इरफान एका बुंध्याला टेकून बसला आणि बसल्या बसल्या झोपला. मी बसची वेळ पाहत जागी राहिले. बोट हवी आहे असं मला तेव्हाही वाटत होतं, आज लिहितानाही वाटतं. समजूतदारपणा वगैरे काही नाही, वाईट वाटतं.

चंद्रपूरला भावाच्या कूलरच्या दुकानाशेजारी एसटीडी बूथ आहे. तिथून मी गोव्याला फोन लावला आणि बोट विकायची आहे असं सांगितलं. गृहस्थ खूश झाले. मुलाचं नुकतंच लग्न झालंय, बोट त्या दोघांसाठी हवी आहे, म्हणाले. शिडं कशी आहेत, इंजिन किती जुनं, सगळं विचारून झालं.

"आणि दोघांना झेपेल ना?"

"बोट झेपेल," मी म्हटलं. "पण तिघं जाऊ द्या."