सी शिकलेले आमचे साडू

जगातल्या सगळ्या भानगडी डिक्लेअर आणि डिफाइन यांतला फरक न कळल्यामुळे होतात, असं मानणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच होता आणि तो नेमका माझा साडू निघाला. खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी, वय पंचेचाळीस आणि ऐंशीचं दशक सरता सरता कॉलेजच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून कॉम्प्युटरची 'सी' भाषा शिकायचं खूळ. जे शिकत ते आम्हाला पंगतीत ऐकावं लागे. "पाहा गा भाऊ, 'पाहुणा येऊन राहिला, गोड खात नाही' असं आचाऱ्याले सांगतलं, म्हणजे व्हेरिएबल डिक्लेअर केलं. नाव कळलं, प्रकार कळला. दहा जणांनी सांगतलं तरी बिघडत नाही. पण त्याचं पान मांडलं, जागा दिली, म्हणजे डिफाइन. ते एकदाच!" एवढं होईतो जिलबीवाला पुढे निघून गेलेला असे.

घरातल्या मागच्या खोलीत त्यांनी कॉम्प्युटरसाठी सागवानी टेबल करून घेतलं होतं. कॉम्प्युटर काही आला नाही. टेबलावर रद्दी, मोडकी इस्त्री आणि कुणाची तरी एक चप्पल. "जागा दिली अन् आत काही भरलं नाही, तं कचराच सापडते. पुस्तकात लिहिलं हाये," ते अभिमानाने सांगत. "पुस्तकातला कचरा पुस्तकात ठेवा, हा तुमचा हाये," मेहुणीबाई आतून ओरडत.

सासूबाई खाप्याला, आपल्या गावी, एकट्या राहत. पडल्यापासून हातात काठी आली होती. त्यांना तीन मुली, म्हणजे आम्ही तीन जावई. दर दिवाळीला प्रत्येक जण म्हणे, "आई, आता आमच्याकडेच राहायचं." त्या हसून "येईन" म्हणत आणि आम्ही फराळाचे डबे घेऊन परतत असू.

एका रविवारी साडू स्कूटरवरून तडक माझ्याकडे आले. "भाऊ, क्लासात माझा प्रोग्राम चालूनच नाही राहिला. तीन फायली. तिन्हीत लिहिलं, का हे व्हेरिएबल दुसऱ्या फायलीत हाये. अन् हाये कुठी? कुठीच नाही!" मी खो खो हसलो. ते हसले नाहीत. "आईचं तसंच केलं ना गा आपण. घरं तीन सांगतली. खाट कोणत्या घरी हाये?"

दुसऱ्या दिवशी ते लाडकं टेबल व्हरांड्यात गेलं, मागच्या खोलीत खाट आली, काठी अडकवायला खुंटीसुद्धा ठोकली आणि साडू स्वतः खाप्याला जाऊन त्यांना घेऊन आले. सासूबाईंनी गादी हाताने दाबून पाहिली. "जावईबापू, 'चला, चला' लय वर्षं आयकून राहिली होती मी. खाट आज पाह्यली."

पुढची सहा वर्षं त्या घरात नुसती धमाल होती. भाजीवाल्याने जास्त बडबड केली की सासूबाई दारातून दटावत, "डिक्लेअर नको करू, टोपलीत टाक!" आणि साडू आनंदाने टाळी वाजवत.

आता दोघंही नाहीत. त्या सहा वर्षांत मी त्यांच्या घरी गेलो की दर वेळी म्हणायचो, "आई, आठ दिवस आमच्याकडे चला ना." साडू चष्म्यावरून माझ्याकडे नुसते बघत. आमच्याही घरात एक खोली रिकामी होती. तिच्यात खाट मी कधी टाकलीच नाही.